तीन कोटेशनांचं झाड

३ जुलै. पावसाने उघडीप दिली म्हणून बगळ्यांनी रंगवलेली चादर पुन्हा घासायला घेतली. किंमत लावता येत नाही अशी वस्तू देवाने बनवलेलीच नाही, असं ठामपणे मानणारा आमच्या नणंदेच्या यजमानांसारखा दुसरा माणूस बोईसरमध्ये नसेल. भावोजींनी जन्मभर तारापूरच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळलं. तीन कोटेशनं आल्याशिवाय ते नारळही घेत नाहीत. लेकीला पहिलंच स्थळ पसंत पडलं, तरी यांनी नियमाप्रमाणे आणखी दोन मागवली. घरच्या मांजराला ते 'उंदरांचा वार्षिक करार' म्हणतात.

आम्ही आणि भावोजी राहतो त्या सोसायटीच्या फाटकाशी चिंच आहे. वर बगळ्यांची घरटी, खाली लोकांच्या गाड्या, रोज शिटेने पांढऱ्या. शेवटी झाड तोडायचा ठराव आला आणि फाटकापाशीच सभा भरली. भावोजी उठले. "झाड सावली देतं, बगळे किडे खातात. हेच काम बाहेरून करून घेतलं तर काय पडेल? आकडा आणतो, मग बोला."

नवापूरची मासळीवाली मावशी तिथेच पाटी उतरवत होती. "सायेब, वर पोरं हायत त्यांची. तुमच्या आधीपासून राहतात ती. आकडा कशाला लागतो?"

"मावशी, हक्कबिक्क सभेत चालत नाही."

मग आली तीन कोटेशनं. सावलीऐवजी पत्र्याची शेड, किड्यांसाठी फवारणी, आणि चिंचेची खरी किंमत सगळ्यांना कळावी म्हणून वाणगावच्या लाकूडवाल्याचं. हे तिसरंच सगळ्यांत भारी निघालं. सेक्रेटरी खूश. "काका, गिऱ्हाईक तुम्हीच आणलंत! उद्या टेम्पो येतोय."

काल संध्याकाळी भावोजी आमच्याकडे आले. चहाचा कप त्यांनी बाजूला सारला.

"वहिनी, लाकूडवाल्याला फोन केला. म्हटलं, विकायचं नाही. तो म्हणतो, मग भाव कशाला विचारलात?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, वर पोरं आहेत."

हे वाक्य त्यांनी कुठून घेतलं ते मला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पहिल्या कोटेशनवर माल उचलला होता.

आज सकाळी पाहिलं तर टेम्पो फाटकात उभा, मावशीची पाटी बरोबर त्याच्या चाकापुढे, आणि भावोजी बुंध्याला खुर्ची टेकून, पांढरी झालेली छत्री उघडून बसलेले. मी धुतलेली चादर त्याच झाडाखालच्या दोरीवर वाळत घातली आणि त्यांच्या शेजारी आपली खुर्ची टाकली.