चौकातला फळा

आमच्या चौकातल्या फळ्यावर एक निवृत्त मास्तर रोज सकाळी खडूने पेठेतल्या बातम्या लिहायचे. पाणी कधी येणार नाही, कुणाची सायकल सापडली, कोण गेलं. घरी पेपर येत असूनही माझी पावलं आधी तिकडे वळायची.

आज फळा कोरा होता, तरी पाचसहा जण समोर उभे राहून तो वाचत होते. मीही उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही.

"मास्तर पहाटे गेले," दूधवाले अण्णा म्हणाले आणि त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "तुमचं अक्षर बरं आहे, तुम्हीच लिहा."

'दुःखद निधन' लिहून मी थांबलो. वळून विचारलं, "त्यांचं नाव काय?"

अण्णांनी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं, इस्त्रीवाल्याने माझ्याकडे. अख्खी पेठ मला या माणसामुळे कळत होती. मग एवढी एक गोष्ट कशी राहिली, हे मला अजून उमगत नाही. विचारायचं तरी कधी होतं? ते समोरच तर असायचे.

शेवटी मी 'मास्तर' लिहिलं आणि पुढे नावापुरती जागा सोडली. संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं. जागा तशीच होती.