उभारणीचं उत्तर

बारामतीच्या स्टेशनावर दौंडची गाडी उभी होती. पिंपळीहून बैलगाडीत मला आणि माझ्या ट्रंकेला घेऊन आलेले माझे वडील, आबा, खिडकीशी थांबले होते. त्यांच्या शेजारी निरोप द्यायला आलेली माझी वर्गमैत्रीण सुशीला. ती मूळची बावड्याची, शाळेसाठी बारामतीत मामाकडे राहिलेली. मॅट्रिकला ती शाळेत पहिली, मी तिच्यामागं. दोघींनाही पुण्यातल्या एका नामांकित कॉलेजात सायन्सला जायचं होतं, आणि तिथं मुलाखत घेऊनच प्रवेश देत. गाडी हलली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "तितं मान खाली घालून बोलू नगं."

मुलाखतीची तयारी करून घेणारे एक निवृत्त प्राध्यापक पुण्यात होते. आबांनी त्यांची फी भरली. सुशीलाचे मामा मात्र म्हणाले, "पयली आलेल्या पोरीला बोलायला काय शिकवायचं?"

सर मला समोर उभं करून महिनाभर रोज तीच वाक्यं म्हणून घेत. वडील उसात राबतात असं सांगायचं नाही, 'बागायतदार आहेत' म्हणायचं. पानी नाही, पाणी. शास्त्र का शिकायचं? नवभारताच्या उभारणीसाठी. हे वाक्य ऐकून मलाच कोणी परकी बोलतेय असं वाटायचं.

मुलाखतीला टेबलामागं तिघे बसले होते. मी उभारणी सुरू केली तसे मधले गृहस्थ शेजाऱ्याला हसून म्हणाले, "घ्या, आणखी एक उभारणी." तरी पाठ केलेलं शेवटपर्यंत म्हटलं आणि बाहेर आले.

मग मुलाखतीपुरती पुण्यात आलेली सुशीला आत गेली. दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "आमच्याकडं कॅनॉलचं पानी आलं, पन जमीन खारवत चाललीया. ती कशानं खारवती, त्ये मला शिकायचं हाय."

"पानी? पन?" एकानं विचारलं. "हे कुठलं मराठी?"

आतून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर जमिनीबद्दल तिला कुणी काहीच विचारलं नाही.

मला प्रवेश मिळाला, तिला नाही. यादी पाहून बाहेर पडताना कॉलेजच्या फाटकाशी ती म्हणाली, "माझं उत्तर चुकलं व्हतं का गं?"

"न्हाय," मी म्हटलं. त्या महिन्यात माझ्या तोंडून निघालेला तेवढा एकच शब्द माझा होता.

ती बावड्याला परत गेली. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. जमीन का खारवते हे पुढं मी शिकले. मग नोकरीनिमित्त इंग्लंडला आले ती इथंच राहिले. इथं येतानाही एका बाईंकडे पैसे भरून इंग्रजी उच्चार घोटवून घेतले.

परवा पुतण्यानं फोनवर विचारलं, "आत्या, पोरीला मुलाखतीच्या क्लासला घालू का? उपयोग हाय का त्याचा?" हे वाचणाऱ्या तुमच्यातले कितीतरी जण मला हेच विचारतात, गावाकडचे आणि इकडं आलेलेही. क्लासनं मला अक्कल आली नाही की धीरही आला नाही. माझ्याकडून हसण्यासारखं बोलणं तेवढं काढून घेतलं, आणि टेबलामागच्यांना तेवढंच हवं होतं. मी त्याला म्हटलं, "घाल." फोन ठेवल्यावर स्वतःच्या उत्तराचा इतका संताप आला की त्या दिवशी जेवणही गेलं नाही.

मागच्या खेपेला पिंपळीला गेले होते. स्वयंपाकघरात भावजय आणि सुना मोठमोठ्यानं बोलत होत्या, कुणाची तरी नक्कल चालली होती. मलाही हसू आलं, म्हणून आत गेले. सगळ्या एकदम गप्प झाल्या. थोरल्या सुनेनं पदर सारखा केला आणि एकेक शब्द जपून उच्चारत विचारलं, "आपणांस काही हवे आहे का?"

काही नको म्हणून मी बाहेर येऊन बसले. थोड्या वेळानं आतलं बोलणं पुन्हा सुरू झालं. माझं घर आता तेवढंच उरलंय: भिंतीपलीकडून ऐकू येणारं, आणि मी आत पाऊल टाकलं की थांबणारं.