खरेसारांची झुकणारी गाडी

खरेसार गेल्याचा निरोप सुमनअक्कांनी स्वतः फोन करून दिला. सकाळचे दहा वाजले असतील. चिकपेटच्या मागच्या गल्लीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मशीन चालू होतं, त्यामुळे त्या काय म्हणतायत ते मला धड ऐकूच येईना. "नागोजी, आधी मशीन बंद कर," त्या म्हणाल्या. मी बंद केलं. मग त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "हे गेले. झोपेतच. तू ये." मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

त्याला आता पाच आठवडे झाले. दिवसकार्य झाल्यावर अक्का मला म्हणाल्या, "ह्यांच्या त्या गाडीबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तुझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे ती?" म्हणून लिहायला बसलो. माझं मराठी बंगलोरचं आहे. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि दोन्हींत स्वल्प भेसळ. खरेसार होते सांगलीकडचे, त्यामुळे सुरुवातीला माझं बोलणं ऐकून हसायचे. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण गाडीबद्दल लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल. ते काय आहे, हे मी अक्कांना आधी सांगितलं आहे.

खरेसार इथल्या एका सरकारी कारखान्यात डिझाइनच्या खात्यात होते. लहानपणी पोलिओ झाला होता. उजव्या पायात थोडी ताकद, डाव्यात नाहीच. काखेत दोन कुबड्या. बसवनगुडीच्या घरातून कारखान्यात जायला त्यांच्याकडे मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर होती, अशा पायांची माणसं सगळीकडे वापरतात तशी. नव्वद सालच्या आसपास एका वळणावर ती उलटली आणि एका चाकाचा ब्रॅकेट तुटला. तो जोडून घ्यायला ते माझ्याकडे आले. हनुवटीला टाके होते. मी ब्रॅकेट वेल्ड करत असताना त्यांनी विचारलं, "ही का उलटते, ठाऊक आहे तुला?" मी म्हटलं, वेग जास्त झाला असेल, सार. "नाही. ही झुकत नाही म्हणून उलटते. दोन चाकांची गाडी वळणावर आतल्या अंगाला कलते, माणूसही तिच्याबरोबर कलतो. ही मात्र ताठ उभी राहते आणि मला बाहेर फेकू बघते. रोज प्रत्येक वळणावर मी हँडलला लोंबकळत असतो."

पुढच्या रविवारी ते कागदाची गुंडाळी घेऊन आले. त्यावर एक तीनचाकी होती, पण रिक्षासारखी नाही. मागे एक चाक, पुढे दोन, आणि पुढची दोन्ही चाकं दोन समांतर भुजांवर अशी बसवलेली, की गाडी कलली की तीही तेवढीच कलतील. मी बराच वेळ बघून म्हटलं, "सार, झुकणारी गाडी थांबली की पडणार. तुम्हाला तर पाय टेकता येत नाही." ते खूश झाले. "बरोबर पकडलंस. म्हणून हे लॉक." डाव्या हाताशी एक लिव्हर, तिच्या टोकाला स्प्रिंगवरची बोटाएवढी पिन आणि समोर दातेरी पट्टी. गाडी थांबत आली की लिव्हर दाबायची, पिन दातात बसते आणि गाडी आहे तशी ताठ उभी राहते. निघताना सोडायची. सारा भार त्या एका पिनवर. "हिला उत्तम पोलाद आणि नीट कडक केलेलं," ते म्हणाले. "इथे तडजोड नाही."

दीड वर्षाचे रविवार त्या गाडीत गेले. इंजिन त्यांच्या जुन्या स्कूटरचंच होतं. सांगाडा तीन वेळा केला, दोनदा मोडला. पहिल्यांदा ती चालवली ती कारखान्याच्या कॉलनीतल्या मोकळ्या मैदानात. अक्का कडेला उभ्या होत्या, हातात कुबड्या धरून. सार दोन फेऱ्या सरळ गेले, तिसरीला त्यांनी गाडी डावीकडे कलवली, मग उजवीकडे, मग इंग्रजी आठ काढत राहिले. थांबले तेव्हा त्यांचा चेहरा घामानं भिजलेला होता. मला म्हणाले, "नागोजी, सत्तेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदा माझं वजन माझ्या बाजूनं होतं." अक्कांनी कुबड्या पुढे केल्या, पण ते गाडीवरून उतरायलाच तयार नव्हते.

त्यानंतर सुरू झालं ते सामान बसवणं. आधी कुबड्यांसाठी क्लॅम्प, आतून सायकलची ट्यूब लावलेला, म्हणजे खडखड होऊ नये. किक मारता येत नव्हती म्हणून बॅटरी आणि स्टार्टर. मग समोर प्लॅस्टिकची पारदर्शक काच, दोन्ही बाजूंना मोठे आरसे, दोन चाकांच्या मधे एक जादा दिवा. पावसात पाय उचलून घेता येत नाहीत, ते भिजत राहतात, म्हणून ताडपत्रीचा घागऱ्यासारखा पडदा अक्कांनी शिवून दिला. त्यांचा एकच नियम होता. जे बसवायचं ते गाडीबरोबर झुकलं पाहिजे आणि कुठेही जमिनीला लागता कामा नये. नवं काही लावलं की त्याच्या खालच्या कडेला ते खडू फासायचे, चक्कर मारून यायचे आणि खडू पुसला गेलाय का ते वाकून बघायचे. पुसला असेल तर सगळं काढून पुन्हा. अक्का म्हणायच्या, "घरातल्या फॅनला दोन महिने आवाज येतोय, तो मात्र दिसत नाही ह्यांना." ते हसायचे आणि पुढच्या रविवारी डब्याची जाळी बसवायला माझ्याकडे यायचे.

त्या गाडीवर ते चार वर्षं फिरले. रस्त्यात माणसं थांबून बघायची, रिक्षावाले शेजारी येऊन चौकशी करायचे. अशीच एकदा सरोजा आली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, सव्वीस वर्षांची, तिचेही पाय तसेच. घर बसवनगुडीतच, आई नव्हती. वडील शाळामास्तर होते, निवृत्त झालेले. ते तिला रोज रिक्षानं पोचवायचे आणि आणायचे. तिनं सारांना सरळ विचारलं, "मला अशी करून द्याल का? माझ्या अप्पांना आता दम लागतो." सारांना नाही म्हणवेना. मला म्हणाले, एक केलीये, दुसरी सहा महिन्यांत होईल. झालीही. आयुधपूजेच्या दिवशी गाडी दारात उभी करून तिची पूजा करायची, असं सरोजानं ठरवलं होतं. हळदीकुंकवाची तयारी झाली होती, एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींना बोलावणं गेलं होतं.

आता ते लिहितो. तिच्या गाडीची लॉकची पिन करायची राहिली होती. पोलाद आणलेलं होतं, पण ते तासून झाल्यावर भट्टीत कडक करून आणावं लागतं. भट्टीवाल्यानं सणासाठी दोन दिवस आधीच दुकान बंद केलं होतं. दोन दिवस थांबा म्हणालो असतो तर सरोजाची पूजा चुकली असती. मी साध्या लोखंडाच्या सळीची पिन तासली, माझ्याच गॅसवर तापवली आणि तेलात बुडवली. तेलातून काढली की ती काळी होते, बघणाऱ्याला कडक केल्यासारखीच दिसते. मनाशी म्हटलं, आठ दिवसांत बदलून टाकू. सारांनी विचारलं, "पिन झाली?" मी म्हटलं, "झाली, सार." त्यांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली आणि बसवली.

आठ दिवसांचे आठ महिने झाले. मला चार-सहा वेळा आठवलं. गाडी व्यवस्थित चालत होती, सरोजा रस्त्यात दिसली की हात करायची. बदलायची म्हटलं तर का बदलतोस हे सांगावं लागलं असतं. मग एका सकाळी ड्यूटीवर जाताना ती चौकात थांबली, लॉक लावलं... आणि ते तुटलं. गाडी उजव्या अंगावर पडली. बाजूनं लॉरी जात होती. लॉरीवाल्याची काही चूक नव्हती, असं बघणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं. सरोजा जागच्या जागी गेली.

पोलिसांनी सारांना बोलावलं. मी बरोबर होतो. त्यांनी जबाब दिला की गाडी माझी, लॉक माझं, ते बनवून घेणारा मी, बसवणाराही मी. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मी दिलेल्या नकाशाप्रमाणे त्यानं काम केलं." मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. तिथून आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. सार ओट्यावर उभे राहून कन्नडमध्ये म्हणाले, "माझ्या लॉकनं तुमची मुलगी गेली." मास्तर म्हणाले, "तुम्ही आला नसतात तर मी तिला रिक्षानं सोडत राहिलो असतो. दम लागला असता, पण ती असती." मग म्हणाले, "या घरी पुन्हा येऊ नका." आणि दार लावून घेतलं.

दोन आठवड्यांनी सारांनी स्वतःची गाडी टेंपोत घालून माझ्याकडे आणली. काच, आरसे, दिवा, क्लॅम्प, जाळी, सगळं त्यांनी खाली बसून आपल्या हातानं काढलं. ज्यांच्या साध्या जादा चाकांच्या स्कूटर होत्या, त्यांच्यात ते वाटून टाकायला सांगितलं. मग म्हणाले, "आता काप." मी म्हटलं, "सार, ही चांगली आहे. हिचं लॉक चांगलं आहे." ते म्हणाले, "काप म्हणतोय ना." मी गॅसनं सांगाडा कापला. सगळे तुकडे होईपर्यंत ते समोर बसून राहिले.

केस रेंगाळत राहिली, कारखान्यात त्यांची बढती थांबली, घरी कुणी कुणाशी फारसं बोलेना. पहिल्यासारखी जादा चाकांची स्कूटरही त्यांनी पुन्हा घेतली नाही. बसनं जायला लागले. कुबड्या घेऊन बंगलोरच्या बसमध्ये चढणं काय असतं, हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. कंडक्टर हाताला धरून वर ओढायचा, उतरताना मागून रेटारेटी. तीन वर्षं त्यांनी हे केलं. यंदा एका पावसाळी संध्याकाळी ते बसच्या पायरीवरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पुन्हा उठले नाहीत. छातीत कफ भरायला लागला.

मी अधूनमधून जात होतो. एका दुपारी अक्का औषध आणायला बाहेर गेल्या होत्या आणि आम्ही दोघंच होतो. सारांचा आवाज पार खोल गेला होता. मला तिथे बसवेना, निघताही येईना. शेवटी म्हटलं, "सार, सरोजाच्या गाडीची ती पिन कच्ची होती. मी भट्टीत दिलीच नव्हती."

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

मी खाटेजवळ सरकलो.

"पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी तुकडे दाखवले होते. पिन आधी वाकली होती, मग तुटली. कडक पोलाद असं वाकत नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तपासायचं काम माझं होतं, नागोजी. कडक पोलादावर कानस नुसती घसरते, कच्चं असलं तर चरा पडतो. अर्ध्या मिनिटाचं काम. कानस शेजारीच पडली होती. बाहेर मंडळी थांबली होती, मीही घाईत होतो. नाही लावली." मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? सांगायचंच तर तिच्या वडिलांना सांग."

मी सांगतो म्हणालो. त्यानंतर ते वीस दिवस जगले. त्या वीस दिवसांत माझे पाय मास्तरांच्या घराकडे वळले नाहीत...

अक्कांना सांगितलं ते त्यांनी हे लिहायला सांगितलं त्याच दिवशी. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तीन वर्षं मी ह्यांना दोष देत होते. घरात, तोंडावर." आणि उठून आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाल्या, "हे सगळं लिही. आणि आधी मास्तरांकडे जा."

गेल्या रविवारी गेलो. मास्तर खूप थकलेत. ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी कोण ते त्यांनी लगेच ओळखलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भट्टी बंद होती इथपासून ते सार काय म्हणाले इथपर्यंत. त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"ते यायचे, ठाऊक आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"खरे. येऊ नका म्हटलं होतं तरी. दर महिन्याला, ती गेली त्या तारखेला. इथे या खांबाजवळ उभे राहायचे. बेल वाजवायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. मी खिडकीतून बघायचो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचे आणि सावकाश जायचे. पाऊस असला तरी यायचे. पडले त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत येत होते."

हे मला ठाऊक नव्हतं. अक्कांनाही नाही.

मास्तर उठले. दाराच्या चौकटीला हात टेकून थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे तू ते असताना सांगायला हवं होतंस. मी त्यांना निदान बसा तरी म्हणालो असतो."

ते आत गेले. मी त्या खांबाजवळ उभा राहिलो. दार उघडंच होतं, पण मला आत ये असं कुणी म्हणालं नव्हतं.