बिनमुळाची अळंबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — धीर आला म्हणून नव्हे. दिवस संपत आले म्हणून.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. अळंब्या गोळा करायच्या, सुकवायच्या, त्यांना नावं द्यायची — यातच जन्म गेला. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माळावरची एक विषारी जात खाण्याच्या अळंबीपासून वेगळी काढली, तिला शास्त्रीय नाव दिलं, तो मी. सत्कार झाले. शाली अजून कपाटात आहेत. शालींखाली एक पाकीट आहे — त्याच्याबद्दल बोलायचंय.

हिरा मेंढरं राखायची आणि पावसाळ्यात आमच्या वारूळवाडीत दारोदार अळंबी विकायची. वारुळात खोल गेलेलं मूळ बोटांनी उकरून अळंबी अख्खी काढायची. मी मात्र सुरीनं देठ कापायचो — माती नको, नमुन्याच्या पाकिटात नीट मावावी. ती हसायची, "मास्तर, बुडखा बगितल्याबिगर अळंबी वळखू येत न्हाई. तुमी तर नुसती मुंडीच आणता राव!"

मी शिकलेला. तिचं कशाला ऐकू?

एका सकाळी नमुने घेऊन उरलेली ओंजळभर अळंबी, खाण्याचीच समजून, मी परसदारातून शेजारच्या वत्सलावहिनींना दिली. कुणी पाहिलं नाही. त्याच सकाळी हिरा आमच्या गल्लीत टोपली घेऊन फिरून गेली होती.

ती खाऊन वहिनी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारल्या.

लोकांनी हिराला धरून आणलं. वहिनींच्या सुपात चार अळंब्या उरल्या होत्या, सुकलेल्या. तिनं त्या उचलल्या. "ही माजी न्हाई! माजीला मूळ असतं. ही सुरीनं कापलीया, बगा की!"

"मुळाचं काय सांगती गं? बाई गेली आमची!" गर्दीतून कुणी ओरडलं.

मग सगळे माझ्याकडे वळले. "सर, तुमी सांगा."

देठाचा तो सरळ काप — मी ओळखला नसेल? हिरा नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं.

"तपासून सांगतो," म्हणालो. चारही अळंब्या रुमालात बांधून घरी नेल्या.

तपासल्या. खाण्याच्या अळंबीहून वेगळी, विषारी जात निघाली — तिचंच खरं होतं. लोकांना मात्र हे मी कधीच सांगितलं नाही. त्या चार अळंब्यांवरून मी नव्या जातीचं वर्णन लिहिलं. त्या नावाला जगात आधार आहे तो याच नमुन्याचा — एका मेलेल्या बाईच्या सुपातल्या. आणि पाकिटावर, गोळा करणाऱ्याच्या रकान्यात, मी लिहिलं — हिरा.

तिची टोपली पुन्हा कुठल्याच गावानं दारात उतरू दिली नाही. निरगुडसरपर्यंत तिला विखाची बाई म्हणायचे. ती वारली, हेही मला वर्षानं कळलं. वाटेत तिचा मेंढरांचा वाडा दिसला की मी रस्ता बदलायचो. किती वर्षं? — सगळीच.

काल पाकीट काढलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं. तिचं नाव खोडलं. खाली लिहिलं — गोळा करणारा मी. वहिनींना देणारा मी. देठ सुरीनं कापलेला.