सहावी देवळी

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नव्या घराचा आराखडा मला काढायला सांगितला, तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच क्षणी संशयही आला. म्हैस विकत घेतानासुद्धा आमच्या घरात बायकांचे मत कोणी विचारत नसे. मी हैदराबादेहून विज्ञानाची पदवी घेऊन मुरुमला परतले होते. आमचा भाग आता हैदराबाद राज्यातून निघून पुण्याच्या राज्यात आला होता, तेव्हा पुढचे शिक्षण पुण्याला घ्यावे असा माझा हट्ट होता. त्यावर अप्पा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मला घरातच गुंतवून ठेवण्याचा हा बेत असावा, हा माझा पहिला तर्क.

काम मात्र मी मनापासून केले. काकांशी वाटणी होऊन जुने माळवदी घर त्यांच्याकडे गेले होते आणि बाजाराकडची मोकळी जागा आमच्या वाट्याला आली होती. लाकडी तुळयांवरचे ते मातीचे छत बांधायला सागवान लागे आणि टिकवायला दरवर्षी माणसांचे हात. आता सागवान परवडत नव्हते आणि हातही उरले नव्हते. दादा सोलापूरच्या गिरणीत कारकून होता. जुन्या भिंतींच्या पोटात धान्याची बळदे होती. आमचे धान्य आता खळ्यावरूनच बाजारात जाई. धान्यासाठी बांधलेल्या घरात माणसांनी कशाला राहावे? मी भिंती अर्ध्या केल्या, छताला शहाबादी फरशी धरली आणि मधली खोली बसण्यालाही व निजण्यालाही चालेल अशी काढली.

रस्त्याकडे खिडकी दाखवली, तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, घाबरली. "कुणाला बघायचंय तुला रस्त्यावर?" आमच्याकडे रझाकारांच्या धाडींची वाईट वर्षे सरून गेली होती, पण खिडकीवरचा संशय सरला नव्हता.

पाया भरून भिंती कंबरेएवढ्या झाल्या आणि लातूरचे एक आडतदार सपत्नीक 'घर बघायला' आले. ते फरशीचे छत पाहायला आले आहेत, असे अप्पांनी सांगितले. छत अजून चढलेच नव्हते. आडतदारांच्या पत्नी भिंतींकडे न पाहता माझ्या हातांकडे पाहत होत्या. मी स्वयंपाकघराची जागा दाखवली.

"एवढीशी चूल?" त्या म्हणाल्या. "पंचवीस माणसाचं कसं करशील गं पोरी?"

"आमच्या घरात सहा माणसं आहेत."

"तुमच्या घराचं कोण म्हणतंय!" असे म्हणून त्या हसल्या, आणि अव्वा एकदम चहाच्या तयारीला लागली.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी शिकले होते. दुसरे निरीक्षण देवघराच्या भिंतीत मिळाले. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःचे इष्टलिंग असते आणि पूजा ज्याची त्याने करायची असते. म्हणून आमच्या घराची रीत अशी, की देवघरात प्रत्येक माणसाची एक देवळी, भिंतीतला छोटा कोनाडा. त्यात ज्याची त्याची विभूती, ज्याची त्याची वाटी. माणसे किती हे देवळ्यांवरून कळे. अप्पा, अव्वा, विधवा आत्या, दादा, वहिनी आणि मी. मी सहा काढल्या होत्या. मिस्त्री मात्र दोरी लावून पाचांच्या खुणा करत होता.

"पाच कुणी सांगितल्या, मिस्त्री?"

"मालकांनी, ताई. सकाळीच आलते."

मी आत्याला विचारले. तिने बेलाची पाने निवडता निवडता मान वर केली नाही. "पोरीच्या जातीला दोन देवळ्या कशाला? तिकडं असतीय की एक."

आता तर्काला जागा उरली नाही. दुपारी अप्पा आले, तेव्हा मी मिस्त्रीसमोरच विषय काढला. एकांतात दिलेला शब्द आमच्याकडे सहज विसरला जाई.

"अप्पा, भिंतीत देवळीची जागा सोडली की तेवढ्या विटा वाचतात. भरीव भिंत कशाला?"

"व्हय का रे?" अप्पांनी मिस्त्रीला विचारले.

"इटा वाचत्यात मालक, पर कमान धरायला जीव जातोय."

"बघ," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लातूरची माणसं चांगली हायत."

"मी त्यांना वाईट म्हणत नाही. मला पुण्याला जायचं आहे."

ते ओल्या भिंतीवर बोट फिरवू लागले. "घर पुरं झाल्याबिगर कुणी कुठं जायचं न्हाय."

हा होकार नव्हता. आमच्या गावात घर पुरे होतच नाही. माडी राहते, गिलावा राहतो, पिढी निघून जाते. म्हणून मी विचारले, "पुरं म्हणजे काय, ते आत्ताच सांगा."

अप्पांना हसू आले. "वकील हो तू! चूल पेटली, देवघरात पूजा झाली, की पुरं."

"ऐकलंत ना, मिस्त्री?"

"मला कशाला मधी घेता, ताई!" असे म्हणत त्याने दोरी सोडली आणि सहावी खूण केली.

त्या दिवसापासून मी घर लहान करत सुटले. माडी काढली. अप्पांनी विचारले, "माडी कुठं गेली?" मी म्हणाले, "दादा-वहिनी सोलापूरला बिऱ्हाड करणार. वर राहणार कोण?" ते खरेच होते, पण आजवर मी अप्पांकडे जशी संशयाने पाहत होते, तसेच त्यांनी माझ्याकडे पाहिले. बाहेरचा गिलावा पुढे ढकलला. कुंपणाच्या जागी दगड रचले. अव्वा म्हणे, हे घर आहे की धर्मशाळा. मी रोज मिस्त्रीच्या आधी बांधकामावर असे.

जूनच्या तोंडावर चूल पेटली. पूजेला लातूरची मंडळी हजर होती. त्यांना कोणी बोलावले, हे मी विचारले नाही. माझी पूजा आटोपून मी बाहेर आले, तेव्हा आडतदारांच्या पत्नी अप्पांना म्हणत होत्या, "मग आता आमचं काय ते ठरवा."

अप्पा उपरणे सारखे करत म्हणाले, "अवंदा न्हाय. पोरीला शब्द दिलाय."

दादा दुसऱ्या सकाळी सोलापूरला निघणार होता आणि पुण्याच्या वाटेवर तिथवर मीही सकाळीच त्याच्या सोबतीने जाणे अधिक सोयीचे होते. पण मी त्याला त्याच दुपारच्या मोटारीने माझ्याबरोबर निघायला लावले. लातूरच्या माणसांच्या सहवासात अप्पांचा शब्द रात्रभर ठेवणे मला धोक्याचे वाटले.