आमच्या घरात बार निघाला!

नवापुरात एक होता भिकन, त्याची एक बायको रत्ना, त्याची एक आई, म्हणजे मी, आणि तिघांपेक्षा शहाणा एक मोबाईल! मोबाईल घरात मास्तरकी करायला लागला की किस्से असे साठतात, की ठेवायला कोठी पुरत नाही. थोडे सांगते. बाकीचे रत्ना माहेरी गेली की!

*

रत्ना शिलाईकाम करते. मशीनवर वाकून वाकून तिची पाठ कमानीसारखी झालेली. एक दिवस पोरीने जाहीर केलं, "मी बॅले शिकसू. मोबाईलवर एक मॅडम शिकाडस."

भिकन कोंबड्यांच्या फार्मवर कामाला. ऐकू त्याला स्वतःच्या सोयीनेच येतं. म्हणाला, "बैल? बैलले आपण शिकाडतस. त्यानाकडथून तू काय शिकशी?"

रत्नाने त्याला मोबाईलवर तो नाच दाखवला. पायाच्या बोटांवर उभी एक बाई, अंगाला मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळलेला. भिकनने तो बराच वेळ बघितला. अभ्यास म्हणून हो! मग अट घातली, "शेवटी मॅडम परीक्षा लेवाव शे ना? पास जयनी तर पुढे शिक. नापास जयनी तर बंद. परत नाव काढवानं नही!"

रत्ना "हो" म्हणाली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं होतं, आणि नवऱ्याने ते देतानाच परत घ्यायची सोय करून ठेवली. हुशार मुलगा. माझाच!

*

मॅडम पुण्याची. शिकणाऱ्या बाया देशभरातल्या, म्हणून शिकवायची हिंदीत. पायाच्या क्रियांची नावं मात्र सगळी परदेशी. मी शेजारी लसूण सोलत बसायची.

मॅडम ओरडली, "रेलवे! रेलवे!" लगेच रत्ना टाचा उचलून, मान ताणून उभी!

मला वाटलं, बरोबर आहे. सुरतेची गाडी लेट झाली की आपल्या स्टेशनावर सगळे असेच उभे असतात. मी विचारलं, "कोनती गाडी दखी ऱ्हायनी वं?"

"माय, गाडी नही! टाचा वर करीसन उभं ऱ्हावानं, त्याले ते म्हनतस."

"मग मी लग्न झाल्यापासून रेल्वेच करी ऱ्हायनू! फळीवरना डबा काय तुन्ही मॅडम काढी देस?"

*

दुसरी क्रिया गुडघे वाकवायची. मॅडम म्हणायची, "प्लिए!" मला ऐकू यायचं, "पी लिए?"

बाई पुण्यात बसून आमच्या सुनेच्या तहानेची चौकशी करते, आणि सासू इथे लसूण सोलत बसली! मला लाज वाटली. मी तांब्याभर पाणी आणलं. मॅडमने "प्लिए" म्हटलं की मी पेला पुढे करायची. रत्ना बिचारी मला नाही म्हणेना, मॅडमलाही नाही म्हणेना. पीत गेली.

तांब्या संपला आणि पोर परसात पळत सुटली.

मोबाईलमधून आवाज आला, "रत्नाजी, दौड़ना अभी नहीं सिखाया है!"

*

मग हंसाची पाळी आली. हात पंखासारखे सोडायचे, मान एका बाजूला कलती करायची. रत्ना मन लावून करत होती. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, इतकं छान!

तेवढ्यात भिकन फार्मवरून आला. दारात थांबून तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. म्हणाला, "पंख पडेल शेत. मान वाकडी शे. माय, हाई कोंबड्यासना रोग, मानमोडी शे! इले दुसरा पिंजरामा ठेवनं पडी."

बायकोचं कौतुक करावं तर असं, जाणकाराने!

*

उभं राहताना धरायला जो दांडा लागतो, त्याला मॅडम "बार" म्हणते. आम्ही कपडे वाळवायचा बांबू खिडकीशी दोरीने बांधला होता. पण शेजारच्या कोकिळाबाईला बांबू दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं, "बार पकड़िए... प्लिए... और एक प्लिए!"

त्यातून आमचं गाव गुजरातच्या हद्दीवर. तिकडे दारूबंदी. तिकडचे तहानलेले सगळे इकडे. कोकिळाबाईने बातमी आपल्याजवळ ठेवली नाही, ती कधीच ठेवत नाही.

दुपारी मोटारसायकलवरून दोन माणसं आली. मला आईचा मान देत गुजरातीत म्हणाली, "बा, बार अहीं छे?"

खोटं मी कशाला बोलू? "शे ना! मझार शे. सूनबाई तठेच उभी शे. चपला बाहेर काढा."

त्यांनी खरंच चपला काढल्या. आत गेले. रत्ना एक पाय बांबूवर टाकून, हात आभाळाकडे करून, डोळे मिटून उभी!

एकजण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "आटलुं बधुं पीधुं?"

म्हणजे, एवढी प्यायली? आणि हे ऐकायला, फार्मवरून जेवायला आलेला भिकन मागे उभा!

त्या दिवशी तो जेवला नाही. एवढंच म्हणाला, "परीक्षा होऊ दे." रत्नाने ताट झाकून ठेवलं. मशीनवर बसली, पण पाठ ताठ. ती आता वाकत नव्हती, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यानेही पाहिलं असावं, पण बोलेल तर भिकन कसला!

*

परीक्षेच्या दिवशी भिकनने रजा घेतली. बायको नापास होताना बघायला! खाटेवर हाताची घडी घालून बसला. रत्नाने मोबाईल स्टुलावर उभा केला. मॅडम दिसली.

रत्नाने बांबू धरला आणि एका बाजूची दोरी सुटली!

बांबू निसटला, रत्ना झोकांडली. खाटेवरून भिकन उडाला तो मला दिसलासुद्धा नाही. बांबूचं टोक त्याच्या खांद्यावर!

"छोड़ना मत!" मॅडम म्हणाली. कोणाला म्हणाली, देव जाणे. भिकनने सोडला नाही. रत्ना गुडघ्यात वाकली, बांबू खाली आला, तोही वाकला. ती टाचा उचलून वर गेली, तोही गेला. छाती पुढे, मान ताठ, श्वास कोंडलेला, तोंड टोमॅटोसारखं लाल. सगळी परीक्षा संपेपर्यंत दोघं असे खाली-वर. मी लसूण सोलायची विसरले.

संध्याकाळी निकाल आला. रत्नाने मोठ्याने वाचला, "रत्नाजी पास."

माझ्या घराला देव पावला! पण ती पुढे वाचतच होती, "साथ वाले सर भी पास. सर की गर्दन बहुत सुंदर. घुटने थोड़े और खोलें."

भिकन उठला. खिडकी लावली, कोकिळाबाईच्या बाजूची आधी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बांबू धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माय, तू जराशी बाहेर बठ."