गच्चीवरचे तीळ

१० जानेवारीला तीळ धुऊन गच्चीवर वाळत घातले. माझ्या मुलीने, मुक्ताने, दोन वर्षांपूर्वी दूध, दही, तूप सगळे सोडले. तेव्हापासून आमच्याकडे तीळ संक्रांतीपुरते राहिलेले नाहीत. चटणीत तीळ, भाकरीवर तीळ, शिवाय सकाळी नाचणीची आंबील. हाडांची सोय मी चोख लावली आहे, असे मला वाटत होते.

दुपारी तीळ गोळा करायला तिला वर बोलावले. काम झाल्यावर उठताना तिने जमिनीला हात टेकला. वय सव्वीस. माझी आई साठीनंतर तशी उठायची.

"गुडघा दुखतो?"

"थोडा. डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्व कमी आहे. गोळ्या दिल्यात, आणि रोज ऊन घ्यायला सांगितलंय."

"मग?"

"काम सोडून उन्हात कुठे बसू, आई? तुझ्या तिळांसारखी?"

मला हसू आले नाही. तीळ मी सकाळपासून तीनदा हाताने खालीवर केले होते. गाद्या, मिरच्या, लोणच्याच्या बरण्या, आपण सगळ्याला आठवणीने ऊन दाखवतो आणि स्वतः चटकन सावलीत येतो. लहानपणी ही अंगणात खेळत असली की "काळी पडशील" म्हणून हाक मारून आत घेणारी मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीळ पुन्हा पसरले. ते कालच खडखडीत वाळले होते.

"कबुतरं येतात," मी मुक्ताला म्हटले. "अर्धा तास राखण कर."

तिने तिळांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बाह्या वर सारल्या.